दंडाची पावती

माझं झेरॉक्सचं दुकान आहे, नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. काल आमच्याच शाळेच्या ग्रुपवर 'आदिवासींना जंगलं फुकट वाटली' असा मेसेज आला आणि राहवलं नाही. कारण ते 'फुकट'चे कागद रोज माझ्या मशीनवरून जातात.

मागच्या पावसाळ्यात एक म्हातारे बाबा नातवाला घेऊन आले. पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक पिशवी, आणि आत चार घड्या घातलेली पावती. चाळीसेक वर्षांपूर्वीची. जंगलात नागली पेरली म्हणून झालेला दंड. घड्यांवर कागद इतका विरला होता की काचेवर ठेवताना माझाच हात थरथरला. "जपून रं भाऊ, येवढीच हाये." मी येड्यासारखं विचारलं, बाबा, दंडाची पावती कशाला जपली? नातू म्हणाला, "तोच पुरावा ना."

२००६ चा वनहक्क कायदा सांगतो की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी जंगलातली जमीन कसतोय, त्याचा तिच्यावर हक्क आहे. आता हा माणूस तेव्हा तिथे कसत होता, हे त्या दंडाच्या पावतीइतकं चोख कोण सांगणार? ज्यांनी त्याला चोर ठरवलं, त्यांच्याच सहीचा कागद.

आणि फुकट म्हणणाऱ्यांसाठी: जास्तीत जास्त चार हेक्टर. वारसांना मिळते, विकता येत नाही.

बाबांचा दावा एकदा फेटाळला गेला होता. पत्रात कारण एकच ओळ, 'पुरावा अपुरा'. नियमांत म्हाताऱ्यांचे जबाब चालतात, जुनी विहीर चालते, देवाचं ठिकाण आणि मसणवटासुद्धा चालतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर स्पष्ट आहे की उपग्रहाचा फोटो जोडीला घ्यायचा, बाकीच्या पुराव्यांच्या जागी नाही. दावा नाकारला तर कारणं लेखी द्यायची. अपिलाला ६० दिवस. पण बाबांच्या हाती पत्र पडलं तेव्हा त्यातले ४७ संपले होते!

२०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला शेतकरी चालत गेले, तेव्हा त्यांच्या सोललेल्या पायांचे फोटो आपण सगळ्यांनी शेअर केले. मीही केले. त्यातले कितीतरी आदिवासी होते आणि त्यांची एक मोठी मागणी हेच दावे निकाली काढण्याची होती. ती किती जणांनी वाचली? पुढच्याच वर्षी १३ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टाचा आदेश आला, दावा फेटाळलेल्यांना जंगलातून काढा. २८ तारखेला कोर्टानेच तो थांबवला आणि राज्यांना विचारलं, हे दावे फेटाळले कसे ते सांगा. मला तर ती एक ओळ आठवली.

गडचिरोलीच्या मेंढा (लेखा)चं नाव आपण कौतुकाने घेतो. तिथे २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क गावाला मिळाला. तरी स्वतःचा बांबू विकायला लागणारं वाहतूक पासाचं पुस्तक गावाच्या हाती आलं २०११ च्या एप्रिलमध्ये, तेही केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री गावात आल्यावर. म्हणजे हक्क मिळाल्यावरही कागदासाठी थांबायचंच.

म्हणून मला दिवाळीतल्या ब्लँकेटवाटपाचं फारसं कौतुक नाही. चांगलंच आहे ते, थंडी असते आमच्याकडे. पण वकील असाल तर वर्षाला एक अपील लिहून द्या. मोबाइलवर जीपीएस वापरता येत असेल तर एक दिवस शिवाराची हद्द चालून या. इंग्रजी आदेश वाचता येत असेल तर मराठीत समजावून सांगा. यातलं काहीच येत नसेल तर माझ्यासारखं करा: कुणी नकाराचं पत्र घेऊन आलं की आधी तारीख बघतो, भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवस मोजतो आणि साठावा दिवस झेरॉक्सच्या मागे लाल पेनाने लिहून देतो.

बाबांचं अपील मुदतीत गेलं, दोन दिवस राखून. निकाल अजून नाही. त्या दिवशी पावती परत देताना मी म्हटलं, बाबा, लॅमिनेशन करून देतो, टिकेल. त्यांनी झटकन ओढूनच घेतली.

"नको रं. सायबाला वाटंल, आत्ताच बनवून आनली."