हँडल गेलं म्हणजे बॅगा जातीलच असं नाही

बाइकला सॅडलबॅगा, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या बॅगा, लावणाऱ्यांसाठी एक सल्ला वर्षानुवर्षं इकडून तिकडे ढकलला जातो. त्याचा मजकूर थोड्याफार फरकानं असा: 'बॅगांचं वजन खाली असतं, त्यामुळे गाडी उलट जास्त स्थिर होते. हँडल जिथून जातं तिथून बॅगाही जातात, तेव्हा ट्रॅफिकमध्ये बिनधास्त फटीतून काढा. गाडी डबलसीट ओढते ना, मग एकट्यानं तेवढ्या वजनाचं सामान न्यायला हरकत नाही. नंबरप्लेट दिसतेय तोवर पोलिसांना काही बोलता येत नाही. शेवटी बॅग म्हणजे सामान, गाडीचा भाग नव्हे. तिला कसले नियम?'

यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे. बाकीची वाक्यं महागात पडू शकतात.

'हँडल गेलं की बॅगा जातात'

हँडलची रुंदी साधारण ७५ ते ८५ सेंमी असते. टूरिंग बाइकला दोन कडक पेट्या लावल्या की मागची रुंदी सहज ९० सेंमीच्या वर जाते, कधी एक मीटरही ओलांडते. पण रुंदीचा आकडा बाजूला ठेवला तरी हा सल्ला टिकत नाही. हँडलची टोकं जमिनीपासून मीटरभर उंचीवर, म्हणजे गाड्यांच्या आरशांच्या पातळीला असतात, आणि चालवणाऱ्याची नजर तिथेच असते. आरसा चुकला की तो 'सुटलो' म्हणतो. बॅग मात्र दाराच्या नि बंपरच्या उंचीवर असते, डोळ्यांच्या मागे असते, आणि आरसा चुकवायला हँडल वळवलं की तीही आपल्या जागेवरून सरकते.

वळताना तर गणितच वेगळं. मागचं चाक पुढच्या चाकाच्या मागावरून जात नाही, आतून कापत जातं. व्हीलबेस (दोन्ही चाकांच्या केंद्रांमधलं अंतर) १.४ मीटर आणि पुढचं चाक ४ मीटर त्रिज्येच्या वळणात असेल, तर मागचं चाक सुमारे २५ सेंमी आतून जातं. दोन उभ्या गाड्यांमधून निघून लगेच वळणारा माणूस ज्या बंपरला घासतो, तो बंपर त्याच्या पुढच्या चाकानं व्यवस्थित चुकवलेला असतो.

माप घ्यायला पाच मिनिटं लागतात. गाडी सपाट फरशीवर मेन स्टँडवर घ्या. तो नसेल तर कुणालातरी ती सरळ धरायला सांगा. साइडस्टँडवर घेतलेलं माप तिरकं येतं. बॅगा भरून लावा, कारण कापडी बॅग भरल्यावर फुगते. दोन्हीकडच्या सगळ्यांत बाहेरच्या बिंदूवरून ओळंबा सोडा (दोरीला नट बांधला तरी भागतं) आणि फरशीवर खडूनं खूण करा. आता टायरच्या मध्यरेषेपासून दोन्ही खुणांचं अंतर वेगवेगळं मोजा. सायलेन्सरच्या बाजूची बॅग बहुतेक गाड्यांवर जास्त बाहेर असते. समजा डावीकडे ४३ सेंमी आले आणि उजवीकडे ५१. एकूण रुंदी ९४ सेंमी झाली, पण आपण चालवतो ते मध्यरेषेच्या अंदाजानं. म्हणून फट बघताना ५१ ची दुप्पट, म्हणजे १०२ सेंमी धरायचे. त्यावर दोन्हीकडे वीतभर मोकळीक.

'ट्रॅफिकमध्ये बिनधास्त फटीतून काढा'

हा नियम देशागणिक बदलतो, आणि परवानगी असते तिथेही अटी असतात. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये १ जुलै २०१४ पासून गाड्यांच्या रांगांमधून जाता येतं, पण ताशी ३० किमीच्या आत. अमेरिकेत युटामध्ये २०१९ पासून मुभा आहे; त्यासाठी रस्त्याची वेगमर्यादा ताशी ४५ मैलांपर्यंतच हवी, बाजूच्या गाड्या थांबलेल्या हव्यात आणि आपला वेग ताशी १५ मैलांच्या आत हवा. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात २०१७ पासून या प्रकाराची व्याख्या आहे, वेगाचा आकडा मात्र नाही. युटा आणि न्यू साउथ वेल्सच्या अटींत 'सुरक्षितपणे जाता येत असेल तर' हे कलम आहेच. तुमची बॅग एखाद्याच्या दाराला घासली, तर ते जाणं सुरक्षित नव्हतं याचा पुरावा त्या दारावरच उमटलेला असतो. 'मागच्या वेळी बॅगांशिवाय याच फटीतून गेलो होतो' हा काही बचाव नव्हे.

'वजन खाली, म्हणून गाडी स्थिर'

अर्धं खरं वाक्य ते हे. तेच सामान पाठीवरच्या सॅकमध्ये किंवा सीटवर रचून नेण्यापेक्षा सॅडलबॅगेत खाली नेणं केव्हाही बरं. पण वजन किती खाली आहे याइतकंच ते मागच्या ॲक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) किती मागे आहे, हेही बघावं लागतं. व्हीलबेस १४० सेंमी धरा. ॲक्सलच्या १५ सेंमी मागे २० किलो असतील, तर पुढच्या चाकावरून सुमारे २ किलो उचलले जातात. टॉपबॉक्समध्ये, म्हणजे सीटमागच्या उंच पेटीत, ४५ सेंमी मागे ठेवलेले ८ किलो मात्र अडीच किलो उचलतात. वजन निम्म्याहून कमी, परिणाम जास्त. पुढचं चाक असं हलकं झालं आणि शेपटीकडे वजन साठलं की वेगात गाडी डावी-उजवीकडे डुलायला लागते. बऱ्याच कडक पेट्यांच्या आत स्टिकर असतो आणि त्यावर दोन आकडे असतात: एका पेटीत जास्तीत जास्त किती किलो (अनेकदा १०) आणि पेटी लावून जास्तीत जास्त किती वेग. तो स्टिकर पहिल्याच दिवशी सोलून टाकायची फॅशन आहे. सोलायचाच असेल तर आधी वाचून घ्यावा.

भरताना पान्हे, कुलूप, पाण्याच्या बाटल्या तळाला, पुढच्या कोपऱ्यात, आतल्या भिंतीला लागून ठेवा. कपडे बाहेरच्या बाजूला. दोन्ही बॅगा काट्यावर वेगवेगळ्या तोला. फरक किलोभराच्या आत आणा.

'डबलसीट ओढते, मग तेवढं सामान चालेल'

डबलसीटचं वजन दोन्ही चाकांच्या मध्ये, सीटवर बसतं. बॅगांचं वजन रॅकच्या नळ्यांवर नि चार-सहा बोल्टांवर लटकतं, आणि रॅकची मर्यादा गाडीच्या मर्यादेहून बरीच कमी असते. शिवाय हिशेब मांडायला लोक विसरतात. मॅन्युअलमध्ये कमाल एकूण वजन ३८० किलो आहे आणि पेट्रोल-ऑइलसह गाडीचं वजन २०५, असं धरू. उरले १७५. चालवणारा ७५, त्याचं हेल्मेट-जॅकेट-बूट १०. मागचा ६०, त्याचं साहित्य ५. राहिले २५. दोन रिकाम्या पेट्या मिळून १० आणि रॅक ४. सामानाला शिल्लक ११ किलो, म्हणजे बॅगेमागे साडेपाच. एकट्यानं गेलात तर ६५ किलोंची मुभा वाढते खरी, पण तेव्हा रॅकची मर्यादा आडवी येते. आणि कंपनीनं पेट्रोल न धरता 'कोरडं' वजन छापलं असेल, तर १५ लिटरच्या टाकीचे ११ किलो आणखी वजा करा.

टायरवर साइजनंतर येणारा आकडाही बघा. तो टायर किती भार पेलतो ते सांगतो: ६२ म्हणजे २६५ किलो, ६६ म्हणजे ३०० किलो, तेही ठरलेली हवा असेल तरच. स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) किंवा चेनकव्हरवर सहसा हवेचे दोन आकडे असतात. बॅगा भरल्या की एकटे असलात तरी पूर्ण भाराचा आकडा वापरायचा, आणि हवा टायर थंड असताना मोजायची.

'नंबरप्लेट दिसते, मग झालं'

रस्ते वाहतुकीवरच्या १९६८ च्या व्हिएन्ना कराराचं ३० वं कलम वाहनावरच्या भाराबद्दल आहे. भार ओघळू किंवा पडू नये, चालवणाऱ्याच्या आड येऊ नये, स्थैर्य बिघडवू नये, आणि दिवे, ब्रेकलाइट, इंडिकेटर, रिफ्लेक्टर, नंबर यांतलं काहीही झाकू नये, असं ते सांगतं. अनेक देशांचे नियम याच वळणाचे आहेत. म्हणजे बॅगेला 'सामान' म्हणून सुटका नाही. सामान म्हटलं तर हेच कलम लागू होतं.

इंडिकेटर ठीक मागून दिसला की काम झालं, असं समजलं जातं. मोटरसायकलच्या दिव्यांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या ५३ क्रमांकाच्या नियमानुसार इंडिकेटर बाहेरच्या बाजूला ८० अंशांपर्यंत दिसायला हवा, म्हणजे जवळजवळ काटकोनातून. फुगलेली बॅग नेमका हाच कोन खाते, आणि शेजारच्या लेनमधल्या ड्रायव्हरला तुमचं वळणं कळतच नाही. तपासायला इंडिकेटर चालू ठेवून दहा पावलं मागे जा आणि तिथून अर्धवर्तुळात बाजूला सरका. दिवा कुठे गायब होतो ते कळेल. उपाय म्हणजे इंडिकेटर ब्रॅकेटवर मागे-बाहेर सरकवणं. त्या निमित्तानं साधा बल्ब काढून एलईडी लावलात तर फ्लॅशरही (दिवा लुकलुकवणारा रिले) बदला, नाहीतर दिवा दुप्पट वेगानं लुकलुकतो.

हेडलाइटकडे मात्र कुणाचंच लक्ष जात नाही. भारानं गाडीची मागची बाजू ३५ मिमी जास्त दबली आणि व्हीलबेस १४०० मिमी असेल, तर गाडीचं नाक सुमारे अडीच टक्के वर उचललं जातं. त्याच ५३ व्या नियमात लो बीम अर्धा ते अडीच टक्के खाली झुकलेला हवा असं आहे. दीड टक्क्यावर लावलेला दिवा आता एक टक्का आकाशाकडे बघतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवतो. अंधार पडला की गाडी भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा, एकटं बसून प्रकाशाच्या वरच्या कडेला टेप लावा. मग बॅगा लावून पुन्हा बसा. कडा बारा-तेरा सेंमी वर गेलेली दिसेल. आधी सी-स्पॅनरनं (शॉकअपची कडी फिरवायच्या पान्ह्यानं) प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा आधीचा ताण, वाढवा. उरलेला फरक हेडलाइटच्या स्क्रूनं काढा, आणि बॅगा उतरवल्या की दोन्ही मूळ जागी आणा. प्रीलोड शेवटच्या खाचेवर नेऊनही गाडी बसतच असेल, तर सामान जास्त आहे किंवा स्प्रिंग थकली आहे.

कापडी बॅगांना रॅक लागत नाही, पट्टे घट्ट हवेत, असंही याच सल्ल्याला कुणीतरी जोडून ठेवलंय. स्टँडवर मोकळी दिसणारी बॅग खड्ड्यात शॉकअप दबला की टायरला, चेनला किंवा सायलेन्सरला टेकते. नायलॉन सायलेन्सरवर वितळायला एक उतार पुरतो. म्हणून दोन माणसं बसवून, गाडी दाबून अंतर बघा. सायलेन्सरपासून निदान चार बोटं हवीत, शिवाय मध्ये उष्णतारोधक पत्रा. पट्ट्यांची लोंबती टोकं गुंडाळून टेपनं बांधा, कारण स्प्रॉकेटमध्ये गेलेलं टोक मागचं चाक जाम करू शकतं. निघाल्यावर पहिल्या वीस-तीस किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा ओढा. तोवर आतलं सामान खाली बसलेलं असतं आणि घट्ट बांधलेली बॅग दोन बोटं सैल झालेली असते.