गुणिले चोवीस

माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. डोक्यावर असेपर्यंत त्याचं कौतुक. तोच केस १/२४ मापाच्या मॉडेल गाडीच्या ओल्या रंगावर येऊन पडला की गुणिले चोवीस, म्हणजे जवळजवळ १.७ मिलिमीटर. खऱ्या गाडीच्या बॉनेटवर सुतळी टाकून वरून रंग मारावा, तसं ते दिसतं. चिमट्याने उचलावा तर रंगाला ओरखडा, राहू द्यावा तर जिवाला घोर. (राहू द्यावा. आठवड्याने, रंग कडक वाळल्यावर २००० नंबरच्या पॉलिशपेपरने पाण्यात घासून काढता येतो. पण पहिल्या खेपेला हे कुणी ऐकत नाही. चिमटा जातोच.)

प्लॅस्टिकच्या गाड्या जोडण्याचा नाद हा असा पाढ्यांचा आजार आहे. शाळेत अठराच्या पुढे पाढा न गेलेली माणसं इथे झोपेत चोविसाचा म्हणतात. उपासाच्या ताटातला राजगिऱ्याचा दाणा बोटावर घेऊन मी पुटपुटतो, ‘एक मिलिमीटर, म्हणजे चोवीस. हेडलाइटच्या बल्बला चालेल.’ घरच्यांनी आता विचारायचं सोडलंय.

मुळात चोवीसच का? एका फुटाला अर्धा इंच, म्हणून. अमेरिकेत मात्र शोरूममधून जाहिरातीसाठी ज्या छोट्या गाड्या दिल्या जात त्या १/२५ च्या असत, आणि तिथल्या जुन्या जोडणीच्या किटांनी तेच माप उचललं. चोवीस काय अन् पंचवीस काय, असं वाटतं. पण ४.३ मीटरची गाडी एका मापात १७९ मिलिमीटर भरते आणि दुसऱ्यात १७२. फरक सातचा, गुणिले चोवीस, १६८. म्हणजे साडेसहा इंच गाडी चोरीला गेली. कपाटात शेजारी शेजारी ठेवल्या तर एक दुसरीचे जुने कपडे घालून मोठी झालेली वाटते. मोटारसायकली १/१२ च्या असतात, तिथे डझनाचा हिशेब, तो सगळ्यांना येतो. फॉर्म्युला वनच्या बहुतेक १/२०. त्या लोकांचं आयुष्य सोपं.

अचूकतेवर वाद घालणारे दोन जातींचे. एक जण मापं घ्यायचा कॅलिपर घेऊन येतो आणि छप्पर एक मिलिमीटर खाली बसलंय म्हणतो. दुसरा म्हणतो, लांबून बरी दिसते ना, मग झालं. माझी सहानुभूती दुसऱ्याला आणि कॅलिपर पहिल्याचा. कारण छपराचा एक मिलिमीटर म्हणजे खरा एक इंच, आणि इंचभर बसकं छप्पर कुणालाही दिसतं. फक्त काय खटकतंय ते सांगता येत नाही. तामिया या जपानी मॉडेल कंपनीने १९७६ साली १/१२ ची पोर्शे ९३४ काढली, त्यासाठी कंपनीच्या शुन्साकु तामियांनी खरी पोर्शे ९११ विकत घेऊन सुटी केली होती. मोजमापासाठी गाडी खोलणारा माणूस हा आमच्यातलाच. फरक इतकाच की त्याला ते परवडलं.

उलट त्या काळातल्या कितीतरी जपानी किटांत आत मोटर आणि सेल बसवायची सोय असे. मुलांना गाडी चालवायला मिळे आणि किंमत आतल्या प्रवाशांना मोजावी लागे. सेल मावावेत म्हणून फरशी वर उचललेली, तिच्यावर सीट चिकटवल्यासारखी, आणि स्टिअरिंगखाली पाय घालायला जागाच नाही. चालकाने मांडी घालून गाडी चालवावी अशी रचना. जुनं किट घेताना खोक्यावरच्या चित्राला भुलू नका, आतली फरशी बघा.

जोडणीच्या पत्रिकेत पहिल्या पानावर इंजिन असतं. आपण सुरुवात बॉडीपासून करायची, कारण रंग वाळायला जितके दिवस लागतात तितक्यात बाकी सगळी गाडी होते. आधी कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण. साच्यातून सुटावं म्हणून मारलेलं तेलकट औषध प्लॅस्टिकवर राहिलेलं असतं, त्यावर रंग फाटतो. मग साच्याचे दोन भाग जिथे भेटतात तिथली रेघ शोधायची. ती नेमकी मडगार्डच्या माथ्यावरून किंवा छपराच्या कडेने जाते आणि प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, मारेपर्यंत लपून बसते. ब्लेडची धार उभी धरून खरवडायची, मग ६०० चा पेपर, मग १०००. किटमधले भाग प्लॅस्टिकच्या जाळीला जोडूनच येतात; ते तोडताना निपर, म्हणजे छोटी कापायची पक्कड, चिकटून लावायचा नाही. दोन मिलिमीटर सोडून एक काप, मग जवळून दुसरा. एका कापात काम उरकणाऱ्याच्या गाडीला पांढरा खड्डा पडतो, आणि तो भरायला लांबी (पुट्टी) लावावी लागते. लांबी वाळली की बसते, म्हणून परत लावावी लागते. गॅरेजवाल्या पेंटरला विचारा, तोही हेच सांगेल. फक्त त्याच्याकडे चोवीस पट जागा असते.

रंगाआधी दारांच्या, डिकीच्या फटी कोरून खोल करायच्या. खऱ्या गाडीत ही फट चारेक मिलिमीटरची, म्हणजे आपल्याकडे ०.१७ हवी. किटमध्ये ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. गुणाकार केला तर दारातून करंगळी आत जाईल. तरी कोरायचीच, कारण रंग तिच्यात भरतो आणि दार बॉडीला सांधल्यासारखं दिसतं. शेवटी तिच्यात पातळ गडद रंग सोडतात. पांढऱ्या गाडीला काळा सोडू नका, करडा सोडा. काळ्याने गाडी शाळेच्या चित्रकलेतली दिसते.

आता रंग. खऱ्या गाडीवर सगळे थर मिळून सुमारे १०० ते १४० मायक्रॉन रंग असतो. चोविसाने भागा: पाच. पाच मायक्रॉनमध्ये प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर बसवणारा माणूस अजून जन्मायचाय. आपले थर सहज शंभर मायक्रॉनवर जातात, म्हणजे खऱ्या गाडीवर अडीच मिलिमीटरचा लेप. तो लेप आहे हे कळू न देणं, हीच सगळी कला.

त्यासाठी स्प्रेचा डबा आधी दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवायचा. हाताला सोसेल इतकंच कोमट. गॅसवर ठेवणाऱ्यांसाठी हा लेख नाही. कोमट पाण्याने डब्यातला दाब वाढतो, थेंब बारीक पडतात. अंतर वीतभर, वीस-पंचवीस सेंटिमीटर. जवळ धरलं तर रंग ओघळतो, लांब धरलं तर थेंब वाटेतच वाळतात आणि पृष्ठभागाला संत्र्याच्या सालीचं रूप येतं. फवारा गाडीच्या बाहेर सुरू करायचा, गाडीवरून न्यायचा आणि बाहेरच थांबवायचा. पहिला हात नुसता धुकं बसल्यासारखा. पंधरा मिनिटांनी दुसरा. शेवटचा ओला, चकचकीत. इथेच घोडं पेंड खातं: ओला आणि ओघळलेला यांत अर्ध्या सेकंदाचं अंतर, आणि त्या अर्ध्या सेकंदात हात म्हणतो, ‘अजून थोडं.’

रंग मारायच्या खोलीत त्या दिवशी सोवळं असतं. पंखा बंद, फरशीवर पाण्याचा शिपका, अंगात लोकरी काही नाही, तोंडाला वाफ रोखणारा मास्क. फक्त खिडकी उघडी, कारण वास. उघड्या खिडकीतून जे काय येतं ते गाडीवरच बसतं. गोचिडीएवढं चिलट १/२४ मध्ये चिमणीच्या मापाचं होतं, हे वेगळं सांगायला नको.

आणि पाऊस. लॅकर जातीचा रंग वाळताना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर जमतं आणि काळी गाडी दुधात बुडवल्यासारखी पांढुरकी होते. मुंबई-कोकणात जूनपासून हे सुरू. रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) घातलेल्या थिनरचा हलका फवारा मारला तर बऱ्याचदा निवळतं, पण खरा उपाय म्हणजे वाट पाहणं. आमच्या गाड्या वर्षाला चार महिने प्रायमरमध्ये चातुर्मास पाळतात आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करतात. संपलेला स्प्रे परदेशातून विमानाने मागवावा म्हटलं तर दाबाखालचा ज्वालाग्राही डबा, टपालात चालत नाही. मग कुणीतरी सुचवतं की खऱ्या गाडीचा टच-अप स्प्रे मारा, तोच रंग, तीच कंपनी. मारू नका. एकतर उघड्या प्लॅस्टिकला तो खातो, बारीक भेगा पडतात. प्रायमर असला तरी त्यातली चमक खऱ्या गाडीच्या मापाची: तीस मायक्रॉनचा कण इथे पाऊण मिलिमीटरचा दिसतो. रंग शंभर टक्के खरा आणि गाडी वरातीतून आलेली.

खरा रंग म्हणजे कोणता, हाही प्रश्नच. १९८८ ची फॉर्म्युला वनची मॅकलारेन एमपी४/४ घ्या, सोळापैकी पंधरा शर्यती जिंकलेली. तिचा लाल हा केशरीकडे झुकणारा फ्लुरोसंट होता. टीव्हीवर लाल दिसावा म्हणून तसा ठेवलेला. आता मॉडेल टीव्हीवर दिसली तशी रंगवायची की मैदानात उभी होती तशी? टीव्हीसारखी केली तर कॅलिपरवाला रागावतो, खरी केली तर बाकी सगळे विचारतात, ‘रंग जरा चुकला का हो?’ फ्लुरोसंटखाली शुभ्र पांढरा लागतोच, नाहीतर तो मळकट दिसतो. गाडीवर प्रायोजक सिगारेटचं नाव होतं, ते आता किटच्या डिकॅलमध्ये, म्हणजे चिकटवायच्या चित्रांत, येत नाही, वेगळं मिळवावं लागतं. सिगारेट न ओढणारी माणसं त्या नावासाठी किटच्या पाव किमतीएवढे पैसे मोजताना मी पाहिली आहेत.

डिकॅल म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायचं चित्र. पंधरा-वीस सेकंद कोमट पाण्यात, मग मिनिटभर बाहेर ठेवायचं, आपोआप सुटतं. वक्र भागावर बसवायला ते मऊ करणारं द्रावण लावतात. लावल्यावर डिकॅल उकडीच्या पारीसारखं सुरकुततं आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. या क्षणी हात पाठीमागे बांधा. बोट लावलं की फाटलंच. तसंच सोडलं तर सकाळी रंगवल्यासारखं सपाट बसलेलं असतं. वरून क्लिअर मारताना पहिले दोन हात कोरडे. भसाभसा ओला मारला तर क्लिअरमधलं लॅकर डिकॅल खातं, आणि मग सुरकुती सकाळीही जात नाही.

क्रोमच्या भागांबद्दल थोडक्यात: ते क्रोम नसतंच, ॲल्युमिनियमची वाफ बसवलेली असते. त्यावर गोंद धरत नाही, म्हणून जोडाची जागा खरवडायची. अति चमकत असेल तर कपडे धुण्याच्या ब्लीचमध्ये बुडवा, निघून जातं. त्याच भांड्यात संडासाचं ॲसिड घालायची हुशारी करू नका. आणि काचा इन्स्टंट गोंदाने चिकटवू नका. त्याच्या वाफेने काच आतून पांढरी होते आणि गाडी कायमची महाबळेश्वरच्या धुक्यात उभी राहते.

मोटारसायकल हा वेगळा छळ. गाडीत निदान झाकायला बॉडी असते. इथे सगळं उघड्यावर. होंडा सीबी७५० फोर २१६० मिलिमीटर लांब, म्हणजे १/१२ मध्ये १८०, हाताच्या पंजाएवढी. तेवढ्यात चार सिलिंडर, चार सायलेन्सर, आणि इंजिन फ्रेमच्या दोन अर्ध्यांमध्ये नेमक्या एकाच कोनातून शिरतं. तो कोन गोंद लावण्याआधी शोधायचा असतो. स्पोक खरे साडेतीन-चार मिलिमीटरचे, आपल्याला हवेत ०.३ चे. प्लॅस्टिकचे अर्ध्या मिलिमीटरच्या खाली सहसा जात नाहीत. गुणिले बारा केलं की चाकात स्लॅबची सहा एमएमची सळई भरलेली दिसते. उपाय म्हणजे तारेचे स्पोक एकेक करून ओवणं. सुरू करणारे पुष्कळ भेटतात.

केबल पत्रिकेत दिलेल्या लांबीलाच कापा, पण चिकटवण्याआधी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. आखूड पडली तर ती ताणून क्लच लिव्हर उपटते, लांब राहिली तर नूडल्ससारखी लोंबते. टायरच्या मधोमध साच्याची रेघ असते; २४० च्या पेपरने गोल घासली की ती जाते आणि टायर चालवलेलाही वाटतो. जुन्या किटात टायर चाकावर किंवा काचेवर टेकवून वर्षानुवर्षं ठेवू नका. रबरातलं मऊ करणारं द्रव्य झिरपून प्लॅस्टिकला वितळवतं. सस्पेन्शनची स्प्रिंग चिमट्यातून सुटली तर शोधू नका. दिवाळीच्या साफसफाईत सापडेल.

शेवटी चारही चाकं. एक चाक अर्धा मिलिमीटर हवेत राहिलं की झालं बारा मिलिमीटर, गाडी एक पाय उचललेल्या कुत्र्यासारखी. गोंद ओला असतानाच गाडी काचेवर ठेवायची आणि प्रत्येक चाकाखाली कागदाची पट्टी सरकवून बघायची. चारही ठिकाणी सारखी अडली तर ठीक.

सगळ्यात शेवटी बाहेरचे आरसे, कारण आधी लावले तर काम करताना हमखास मोडतात. आरशाच्या दांडीचा बॉडीला टेकणारा भाग जेमतेम एक चौरस मिलिमीटर. नुसता गोंद पुरत नाही. दोन्हीकडे ०.३ चं भोक पाडून आत तार घालायची, तीही रंगाआधी, म्हणजे दोन महिन्यांपूर्वी.

गाडी टेबलावर तयार असते. तेव्हा शेजारचा मुलगा येतो आणि पहिला प्रश्न विचारतो, ‘काका, ही चालते का?’ नाही रे. ‘दार उघडतं?’ नाही. ‘मग?’ मग काय ते सांगायला मी तोंड उघडतो, तोवर त्याचा हात पुढे आलेला असतो. बोटाची रुंदी एक सेंटिमीटर. गुणिले चोवीस, चोवीस सेंटिमीटर. विजेच्या खांबाएवढं काहीतरी डाव्या आरशाच्या दिशेने येत असतं, आणि त्या आरशात मी तार घातलेली नाही.