कायरोप्रॅक्टिक उपचारानंतरचं अंगदुखणं : बर्फ, शेक आणि तुमचे आक्षेप

नमस्कार. कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हातांनी दाब देऊन मणके आणि सांधे हलवण्याच्या उपचारानंतर अंग दुखलं तर बर्फ लावा, असं मी सुचवलं होतं. त्यावरचा तुमचा राग समजला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : बर्फाने स्नायू आणखी आखडतात, आपल्याकडे शेकच चालतो; उपचारानंतर दुखलं म्हणजे उपचार लागू पडतोय, म्हणून ते दाबू नये; आणि दोन दिवस पडून राहून भरपूर पाणी प्यायलं की स्नायूंतली विषद्रव्यं निघून जातात.

शेकाबद्दल तुमचं बरंचसं बरोबर आहे. हे दुखणं बहुतेक वेळा पहिल्या 24 तासांत सुरू होतं आणि एक-दोन दिवसांत ओसरतं. सूज नसेल, नुसतंच आखडल्यासारखं वाटत असेल, तर पहिल्या दिवसापासून शेक घ्या. बर्फ सुचवला तो जागा हाताला गरम लागते, फुगलीये किंवा ठणकतेय तेव्हासाठी. दोन्हींचं काम दुखणं सुसह्य करणं एवढंच. त्यांनी स्नायू लवकर बरा होतो असं म्हणता येणार नाही.

पण शेक घेताना घराघरांत चुका होतात आणि माझी खरी काळजी तीच आहे. रबरी पिशवीत उकळतं पाणी ओतू नका. पिशवी दोन-तृतीयांश भरा, दाबून हवा काढा, मग बूच घट्ट लावा. हवा राहिली तर पिशवी टम्म फुगते आणि अंगावर नीट बसत नाही. टॉवेलात गुंडाळून 15 ते 20 मिनिटं ठेवा. पिशवी पाठीखाली घेऊन झोपायचं नाही, कारण वजनाने ती दाबली जाते आणि झोपेत चटका कळत नाही. मधुमेहामुळे त्वचेची संवेदना कमी झालेल्यांना भाजल्याचं फोड आल्यावरच समजतं, त्यांनी पिशवी टाळलेलीच बरी. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे बाम चोळून त्यावर शेक घेणं. मेंथॉल किंवा मिरचीचा अर्क असलेल्या बामावर उष्णता बसली की कातडी भाजते. एका वेळी एकच काय ते.

बर्फ थेट अंगाला लावू नका. खडे पिशवीत, पिशवी ओल्या पंच्यात, 10 ते 15 मिनिटं, आणि पुन्हा लावायचा तर मध्ये दोनेक तास जाऊ द्या. फ्रीजरमधलं मटाराचं पाकीटही चालतं, मानेच्या बाकाला ते छान बसतं.

दुखलं म्हणजे गुण आला, हे मात्र मला मान्य नाही. हलकं दुखणं नेहमीचं आहे, पण ते यशाची खूण नाही; न दुखताही बरं वाटतं. ‘कट्’ असा आवाज आला म्हणजे हाड जागेवर बसलं, हाही समज तसाच. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होताना तो आवाज येतो. म्हणून तो काढण्यासाठी घरी मान झटकू नका, केशकर्तनालयात मोडूनही घेऊ नका.

पडून राहण्याने स्नायू अधिकच आखडतात. दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं सपाटीवर चाला. मान दुखत असेल तर हनुवटी सावकाश एका खांद्याकडे, मग दुसऱ्याकडे, ताण जाणवेल तिथपर्यंतच, दोन्हीकडे पाच-पाच वेळा. मान गोल फिरवू नका. कंबर दुखत असेल तर कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्या. उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि हाताच्या जोरावर उठा. भरल्या बादल्या आणि खड्ड्यांतून दुचाकी एक-दोन दिवस नकोच. मालीश हवी तर हलक्या हाताने. ज्या जागेवर नुकताच दाब पडलाय तिथे जोर लावला की दुखणं लांबतं.

पाणी तहानेप्रमाणे प्या. विषद्रव्यं निघून जाण्याचा इथे संबंध नाही.

फारच दुखलं तर निरोगी प्रौढ व्यक्तीने पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅमची एक गोळी घ्यायला हरकत नाही, दोन गोळ्यांमध्ये निदान सहा तास जाऊ द्या. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही तेच औषध असतं, ते मोजायला विसरू नका. यकृताचा आजार असेल किंवा नियमित मद्यपान असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आयबुप्रोफेन उपाशीपोटी नको. मूत्रपिंडाचा आजार, अल्सर किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर स्वतःहून घेऊच नका.

दुखणं रोज कमी होतंय का, एवढं बघा. तीन दिवसांनीही तसंच राहिलं किंवा हातापायात मुंग्या उतरू लागल्या तर डॉक्टरांकडे जा. मानेच्या उपचारानंतर पूर्वी कधी नव्हती अशी तीव्र डोकेदुखी किंवा मानदुखी, चक्कर, दोन-दोन दिसणं, जीभ जड होणं, गिळायला त्रास, पापणी खाली येणं, एका बाजूला बधिरपणा, किंवा कंबरेच्या उपचारानंतर जांघांच्या आतल्या बाजूला आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं, दोन्ही पायांतली ताकद जाणं, यांतलं काहीही दिसलं तर बर्फ-शेकाचा विचार सोडा. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाल्याची किंवा मज्जातंतूंचा जुडगा दाबला गेल्याची ही लक्षणं असू शकतात. महाराष्ट्रात असाल तर 108 ला फोन करा आणि थेट मोठ्या रुग्णालयात जा. पुन्हा मान किंवा कंबर ‘बसवून’ घ्यायला जाऊ नका.