फोटोतली अंबाडी आहे, गांजा नव्हे

गांजाच्या इतिहासावरचा तुमचा लेख वाचला. मध्य आशियातल्या पामीर पर्वतातल्या जिरझांकलच्या थडग्यांतली सुमारे २५०० वर्षांपूर्वीची लाकडी धुपाटणी, त्यात गांजा जाळायला तापवून टाकलेले गोटे, हा भाग झकास जमलाय. पण 'विदर्भातला गांजा' म्हणून छापलेला फोटो पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) धुऱ्यावरच्या अंबाडीचा आहे. लांबून दोन्हींची पानं पंजासारखी, म्हणून घोळ होतो. अंबाडीचं पान एकच, खोलवर कापलेलं, चवीला आंबट. दांड्यावर बारीक काटे. फूल मोठं, फिकट पिवळं, आत गडद तांबडं. भांगेच्या, म्हणजे गांजाच्याच झाडाच्या, पानातल्या पात्या थेट देठाच्या टोकापर्यंत सुट्या, आणि फुलाला पाकळ्याच नसतात. नर-मादी झाडं बहुधा वेगळी, पराग वाऱ्यावर जातो. म्हणूनच इंग्रजी अमदानीत परवान्यावर गांजा पिकवणारे नरझाडं फुलायच्या आत उपटत. थोडी जरी राहून गेली तरी मादी बी धरायची अन् नशा आणणारी राळ घटायची. नागपूर ज्या मध्य प्रांतात होतं, त्याचा हा माल खंडव्याकडचा. गांजा-भांगेच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या १८९३-९४च्या हेम्प ड्रग्ज कमिशनच्या अहवालात सगळं सापडेल.

आणि जमैकात गांजा रुजवण्याचं श्रेय ब्रिटिश शिपायांना कशाला? १८४५पासून तिकडच्या उसाच्या मळ्यांवर नेलेल्या हिंदी गिरमिटिया (करारावरच्या) मजुरांचं नावही लेखात नाही.