मुंबईवर बॉम्ब पडला नाही, म्हणून युद्ध घरात आलं नाही?

दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: युद्ध झालं ते युरोपात नि ब्रह्मदेशात. मुंबईवर एकही बॉम्ब पडला नाही. उलट गिरण्या रात्रंदिवस चालल्या, हातात पैसा खेळला, रेशनमुळे सगळ्यांना सारखं धान्य मिळालं आणि फौजेत गेलेल्यांच्या घरी मनीऑर्डरी आल्या. घरातल्या सुनेचं आयुष्य होतं तसंच राहिलं. एकेक मुद्दा घेऊ.

बॉम्ब पडला नाही, हे खरं. पण ६ एप्रिल १९४२ला जपान्यांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले, तेव्हा पुढची पाळी आपली नाही हे मुंबईतल्या कुणाला ठाऊक होतं? खिडक्यांना काळा कागद लागला, दिव्याची तिरीप बाहेर गेली की वॉर्डनची हाळी. अनेकांनी बायकामुलं गावी धाडली. म्हणजे नुकती कुठे चाळीतल्या खोलीत संसार मांडलेली मुलगी पुन्हा गावच्या एकत्र घरात, नवरा मुंबईत खाणावळीच्या डब्यावर. शिवाय १४ एप्रिल १९४४ विसरून कसं चालेल? व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ या बोटीला आग लागली. पोटात कापसाच्या गाठी आणि युद्धासाठी आणलेला सुमारे १४०० टन दारूगोळा. दुपारी चारनंतर लागोपाठ दोन स्फोट झाले. शेकडो माणसं मेली, हजारो बेघर झाली, गोदामांतलं धान्य जळालं. ते विमानातून पडलं नाही, एवढाच काय तो फरक.

हातात पैसा खेळला म्हणे. तो आपोआप नाही आला. महागाई भत्त्यासाठी मार्च १९४०मध्ये मुंबईच्या पावणेदोन लाख गिरणी कामगारांनी चाळीस दिवस संप केला. ते चाळीस दिवस चूल कुणी पेटती ठेवली, हे संपाच्या इतिहासात फारसं येत नाही. पुढे भाव युद्धापूर्वीच्या दुपटीवर गेले, आणि पगारवाढ त्यामागून धापा टाकत राहिली. त्यातच चिल्लर गायब. धातू टंचाईत, लोकांनी नाणी दडवलेली. दुकानदार मोड म्हणून पोस्टाची तिकिटं नाहीतर स्वतःच्या चिठ्ठ्या द्यायचे. ती चिठ्ठी दुसरीकडे कोण घेणार? मग भाजी महाग असली तरी त्याच दुकानात परत. १९४३मध्ये तांबं वाचवायला भोकाचा पैसा निघाला, तो याच पायी.

गिरण्या चालल्या, हेही खरं. पण मागांवर लष्करासाठी खाकी कापड होतं. बाजारात कापड इतकं महाग आणि दुर्मिळ झालं की जून १९४३मध्ये सरकारला नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला. नऊवारीला कापड जास्त लागतं, हे वेगळं सांगायला नको. नवरा कापडाच्या गिरणीत आणि बायकोच्या अंगावर दंड घातलेलं, म्हणजे फाटलेला भाग कापून पुन्हा जोडलेलं लुगडं, अशी घरं गिरणगावात शोधायला लांब जावं लागलं नसतं.

आता रेशन. इथे दावा करणाऱ्याला थोडं श्रेय देतो. २ मे १९४३ला मुंबईत रेशनिंग सुरू झालं. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं भुकेनं मेली, आणि मुंबईत तसं झालं नाही, यात रेशनचा वाटा मोठा होता. पण ‘सगळ्यांना सारखं’ हे कागदावरचं. मार्च १९४२मध्ये ब्रह्मदेशातलं रंगून जपान्यांच्या हाती पडलं, तिकडचा तांदूळ थांबला, रॉकेलही थांबलं. भातावर वाढलेल्या कोकणी घरात गहू, बाजरी, जे येईल ते. ज्या मुलीला आईनं तांदळाची भाकरी शिकवून पाठवली, तिनं बाजरीचं पीठ मळायला शिकायचं, तेही सासूच्या नजरेखाली. १९४३च्या धान्य समितीनं माणशी रोज एक पौंड धान्य सुचवलं होतं. अंगमेहनत करणाऱ्या पुरुषाला ते पुरत नाही, त्याला जादा कोटा मिळाला तरी पाहुणा आला की हिशेब कोलमडतो. कमी पडलेलं कुणाच्या ताटातून जातं? सगळ्यांत शेवटी जेवणारीच्या. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांच्यासाठी काळाबाजार होताच. हिवतापाचं तर विचारूच नका: १९४२मध्ये जावा जपान्यांच्या हाती गेलं आणि हिवतापावरच्या औषधाचा, क्विनाइनचा, मुख्य झराच आटला. तापलेलं मूल मांडीवर घेऊन बसणारी बाई युद्धापासून दूर होती, असं म्हणायला छाती लागते.

मनीऑर्डर यायची, नाकबूल नाही. हिंदी सैन्य १९४५पर्यंत सुमारे २५ लाखांवर गेलं. सातारा, रत्नागिरीकडची कितीतरी घरं त्यात होती. पण पैसे बहुधा वडीलधाऱ्यांच्या हाती पडत. पत्र सेन्सॉरनं वाचलेलं, मग वाचता न येणाऱ्या बायकोला ते मास्तर नाहीतर पोस्टमन चारचौघांत वाचून दाखवणार. नवऱ्यानं त्यात काय लिहावं, आणि तिनं काय विचारावं? मराठा लाइट इन्फंट्रीच्या यशवंत घाडग्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो मरणोत्तर. १० जुलै १९४४ला इटलीत पडले तेव्हा वय २२. अशा वयाच्या जवानांच्या बायका विशीच्या आतबाहेरच्या असणार.

आणि १९४५ला युद्ध संपल्यावर तरी सुटका झाली? १९४६च्या सुरुवातीला धान्याचं प्रमाण एका पौंडावरून बारा औंसांवर, म्हणजे पाऊण पौंडावर आलं.