शांत कोपऱ्याने गोळ्या सुटत नाहीत

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मजकूर आला आणि अजूनही तो दर महिन्याला कुणीतरी नव्याने पाठवतंच. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: घरातली एक खोली निवडा, दारं-खिडक्या लावून बाहेरचा आवाज बंद करा. तिथे हिमालयीन मिठाचा दिवा, स्नेक प्लांट (जाड, उभ्या पानांचं कुंडीतलं झाड) आणि सुगंधी मेणबत्ती ठेवा. दिवा हवेत ऋण आयन, म्हणजे ऋण विद्युतभार असलेले कण, सोडतो. झाड रात्रभर ऑक्सिजन देतं आणि हवा शुद्ध करतं, हे नासाने सिद्ध केलंय. रोज अर्धा तास एकट्याने बसा, २१ दिवसांत नैराश्य जाईल, औषधं सुटतील.

मालवण तालुक्यातल्या आमच्या घरात यातलं सगळं आलं. शेवटचं वाक्य माझ्या चुलतभावाने खरं मानलं, म्हणून हे लिहायला बसले.

आधी मिठाचं. या दिव्यांचं मीठ बहुतेक करून पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतून येतं. मीठ वितळायलाच ८०१ अंश सेल्सिअस लागतात. आतल्या छोट्या बल्बने ते जेमतेम कोमट होतं, त्यातून आयन सुटून खोलीभर पसरतील हे शक्यच नाही. आणि आपल्याकडचा खरा प्रश्न वेगळाच आहे. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ ओल ओढून विरघळायला लागतं. पावसाळ्यात किनाऱ्यावर ती दिवसेंदिवस त्याहून वरच असते. बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, हे कोकणातल्या कुठल्या बाईला सांगायला नको. जुलैत काकूने दिव्याखाली ताटली ठेवली, ती भरली आणि पाणी वायरीपर्यंत गेलं. त्या दिवशी तिने प्लग काढला तो बरं झालं.

बंद खोलीचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. चिऱ्याची भिंत ओल धरते. आमच्याकडे माजघराची खिडकी चार दिवस उघडली नाही तर चपलांवर, गाद्यांवर, देवाच्या तसबिरीमागे बुरशी चढते. तशा खोलीत दार लावून मेणबत्ती किंवा धूप जाळायचा म्हणजे बुरशीत धुराची भर. दमेकऱ्याने तर त्या वाटेला जाऊच नये. आमच्या आजोबा-पणजोबांनी घरं बांधली ती वारा खेळता राहील अशी, पुढे पडवी, मागे पडवी, समोरासमोर दारं. ते काही उगाच नव्हतं.

शिवाय एकटं बसायचं कुणी? नैराश्यात माणूस आपणहूनच आत-आत जातो. लोक टाळतो, अंथरुणातून उठत नाही, तेच तेच विचार घोळवत राहतो. उपचारांत त्याला हळूहळू उलट दिशेने नेतात: थोडं चालणं, एखादं ठरलेलं काम, कुणाशी तरी बोलणं. त्याच माणसाला दाराआड बसवायचं म्हणजे आजाराच्याच मनासारखं करायचं.

झाडाचं लवकर आटपते. नासाचा तो अभ्यास १९८९चा, लहानशा हवाबंद पेट्यांमध्ये केलेला. २०१९मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी असे अनेक प्रयोग एकत्र तपासले. घरात नुसत्या हवेच्या ये-जा होण्याने जेवढी सफाई होते, तेवढी झाडांकडून हवी तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असा त्यांचा हिशेब आहे. स्नेक प्लांट रात्री कार्बन डायऑक्साइड घेतो, हे खरं. ऑक्सिजन मात्र तो उजेडातच सोडतो. २१ दिवसांत सवय लागते, या समजालाही आधार नाही. लंडनच्या एका अभ्यासात साधी सवय लागायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, कुणाला २५४. आणि नैराश्य ही सवय नव्हे.

यात काहीच खरं नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. १९८४मध्ये रॉजर उलरिच या अमेरिकी संशोधकाने पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत बघणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. हिरवं दिसण्याने, बसायला एक आपली जागा असण्याने माणसाला बरं वाटतं. आम्ही झोपाळा पुन्हा पडवीत टांगला. समोर खळं, तुळस, पलीकडे माड. काकू तिथेच तांदूळ निवडते. जाणारा-येणारा हाक मारतो. खर्च झाला तो दोन कड्यांचा.

चुलतभावाने मात्र तेव्हा नैराश्याच्या गोळ्या बंद केल्या होत्या. "माका आता बरां वाटता, गोळये कित्याक खाव?" असं तो म्हणायचा. त्याला बरं वाटत होतं ते गोळ्यांमुळेच. या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात. एकदम सोडल्या तर चक्कर येते, झोप उडते, जीव घाबरा होतो आणि आजार उलटू शकतो. त्याचा उलटला. गणपतीत सगळे चाकरमानी घरी आलेले असताना तो खोलीबाहेर आला नाही. गोळ्या कमी करता येतात, पण डॉक्टरांना विचारून आणि टप्प्याटप्प्याने.

तुमच्या घरात कुणी अशा गोळ्या थांबवल्या असतील तर आज त्याच्याशी बोला. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय रत्नागिरीत आहे. भाऊ आता पुन्हा औषध घेतो. संध्याकाळी झोपाळ्यावर बसतो. गोळीची आठवण काकू तिथेच करून देते.