फलक लिहा, पण पक्षी पाहू नका

वन्यजीव सप्ताहानिमित्त प्रदर्शने भरवणाऱ्या उत्साही मंडळींसाठी पुढील सूचना सादर करीत आहे. कोल्हापुरातल्या अशाच एका प्रदर्शनासाठी मी रानपिंगळा या लहानशा घुबडावर पाऊणशे शब्दांचा मजकूर लिहून दिला होता. संयोजकांनी तो 'जरा सोपा करून' छापला आणि गेल्या आठवड्यात तो फलक वाचल्यापासून माझ्या ज्ञानात बरीच भर पडली आहे.

पहिली सूचना नावाविषयी. रान म्हणजे जंगल, हे शाळेत शिकवलेलेच असते. तेव्हा रानपिंगळा आणि जंगली पिंगळा असे दोन पक्षी निसर्गाने केले असतील तर ती निसर्गाची उधळपट्टी समजावी आणि फलकावर बेलाशक 'जंगली पिंगळा' लिहावे. जंगली पिंगळा आपल्या राधानगरीच्या झाडीत राहतो, त्याच्या अंगावर डोक्यापासून बारीक पट्टे असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ कोरे, पोट पांढरे आणि मुक्काम तोरणमाळ, यावल, मेळघाट असा दूरचा. असल्या तपशिलात शिरू नये. छायाचित्र मात्र तिसऱ्याच पक्ष्याचे लावावे, म्हणजे डोक्यावर पांढरे ठिपके असलेल्या साध्या पिंगळ्याचे, जो गावागावांत दिसतो. आमच्या फलकावर हे तिन्ही पक्षी एकत्र नांदत होते. करवीर तालुक्यातले एक आजोबा त्यापुढे थांबले, चष्मा वर करून त्यांनी चित्र न्याहाळले आणि म्हणाले, "हे तर आमच्या परड्यातल्या आंब्यावर रोज बसतंय की! ह्याला कसला धोका?" त्यांना काय उत्तर द्यायचे होते, ते संयोजकांनी मला सांगावे.

दुसरी सूचना: घुबडाच्या कुळातला आहे म्हटल्यावर 'निशाचर' लिहून मोकळे व्हावे, रानपिंगळा दिवसाउजेडी शिकार करतो, हा त्याचा दोष आहे.

'अतिसंकटग्रस्त', 'संकटग्रस्त' हे शब्द जड वाटतात. त्यांच्या जागी 'दुर्मीळ' लिहावे, म्हणजे 2018 साली धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत त्याचा वर्ग पहिल्यावरून दुसऱ्यावर का आला, हे विचारायला कोणी येत नाही.

'ढोली' हा शब्द तर मुळीच ठेवू नये, तो खेडवळ वाटतो. मी लिहिले होते की हा पक्षी जुन्या झाडांच्या ढोल्यांत अंडी घालतो, ढोली स्वतः कोरत नाही, आणि त्याला विरळ, सागाचे, कोरडे पानगळीचे जंगल लागते. त्याचे छापून आले, 'उजाड जंगलात घरटे बांधतो.' आता 'विरळ'चे 'उजाड' झाले की पुढचे सगळे आपोआप होते. उजाड म्हटले की वृक्षारोपण आले, खड्डे आले, रोपे आली, पाहुणे आले, फोटो आला. आणि ज्या पोखरलेल्या, वाळक्या झाडात तो पक्षी पिल्ले वाढवतो ते झाड 'निरुपयोगी' ठरून आधी तोडले गेले. घरटे बांधणाऱ्या पक्ष्याला काय, दुसरे झाड मिळेल, असे वाचणाऱ्याला वाटणारच! ढोली पडायला झाडाला किती वर्षे जगावे लागते, याचा विचार तुमच्यापैकी एकाने तरी केला होता का? 'अधिवास' खोडून तुम्ही 'घर' लिहिलेत. घर तोडले तर दुसरे बांधता येते, म्हणून मी तो शब्द वापरला नव्हता.

1884 नंतर या पक्ष्याची खात्रीची नोंद झाली नव्हती, आणि 25 नोव्हेंबर 1997 रोजी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला, एवढे मी लिहिले होते. फलकावर तो '1997 साली पुन्हा जन्मला.' मधल्या काळात शोध चुकीच्या ठिकाणी का झाले, ठाऊक आहे? रिचर्ड माइनर्ट्झहॅगन नावाच्या गृहस्थाने संग्रहालयातला जुना नमुना चोरला आणि तो आपणच 1914 साली गुजरातेत मिळवला, अशी चिठ्ठी त्याला बांधली. ती चिठ्ठी खोटी ठरवून जुन्या खऱ्या जागा शोधल्या, तेव्हा पक्षी सापडला. त्या गृहस्थाने मुद्दाम खोटे लिहिले. तुम्ही आळसाने लिहिलेत.

मी हे सगळे संयोजकांना सांगितले, तर ते हसून म्हणाले, "सर, एवढं कोण वाचतंय?" त्याच वेळी फलकापुढे सातवीतली एक मुलगी जमिनीवर बसून तो मजकूर वहीत उतरवत होती, आणि 'निशाचर' या शब्दाखाली तिने पट्टीने दोन रेघा ओढल्या होत्या. ती वाचते आहे. तिच्या बाई वाचतील, परीक्षेत तेच उत्तर बरोबर धरतील. ज्याला पक्षी ठाऊक नाही त्याने मजकुराला हात लावू नये, आणि लावलाच तर लिहिणाऱ्याला एक फोन करावा. माझा क्रमांक त्याच कागदाच्या तळाशी होता.

हाच फलक पुढच्या आठवड्यात गडहिंग्लजला जाणार आहे, असे कळते. त्याआधी तो एका दिवसासाठी माझ्याकडे पाठवा. कागद, डिंक आणि छपाईचा खर्च मी करतो.